काच उघडी ठेवा म्हणणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा, हेल्मेटच्या काचेवरच्या वाफेबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची कमेंट लांबलचक आणि तिखट आहे पण मुद्द्याची आहे म्हणून नीट लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, दादांचं म्हणणं असं की हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते हा पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला प्रॉब्लेमच वाटत नाही, काच एक खटका वर ठेवायची, आतून थोडा शॅम्पू चोळायचा, विषय संपला. मी उगाच पोरांना पिनलॉक (वाफ धरू नये म्हणून आतून बसवायची दुसरी पातळ काच) घ्यायला लावतोय. आणि वर असंही की पुतण्याने माझं वाचून पिनलॉक घेतलं, आणि ताम्हिणीत त्यालाच काही दिसेना, म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय चष्मेवाल्यांनी काय करायचं ते लिहिलंच नाही.

आधी काच उघडी ठेवण्याचं, कारण भांडण मुळात तिथेच आहे. तुमचा उपाय चालतो, पण तो हिवाळ्याचा उपाय आहे. आपल्या श्वासाची हवा साधारण 35 डिग्रीची आणि पाण्याने पूर्ण भरलेली असते, अशा एक घनमीटर हवेत 40 ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. तीच हवा 20 डिग्रीच्या काचेला लागली की तिच्यात फक्त 17 ग्रॅम राहू शकते, उरलेलं बारीक थेंब होऊन काचेवर बसतं. आता डिसेंबरात नाशिक रोडला दहा वाजता जाताय, बाहेरची हवा गार आहे पण कोरडी आहे, फट ठेवली की ती आत शिरते, श्वासाची वाफ पातळ करते आणि बसलेले थेंबही उचलून नेते. म्हणून दोन मिनिटांत काच साफ. तुमचा सगळा अनुभव खराच आहे.

जुलैत ताम्हिणी किंवा आंबोलीत बाहेरची हवाच ढगातली असते हो! 22 डिग्रीला तिच्यात जेवढं पाणी मावतं तेवढं आधीच भरलेलं, काचही तेवढीच गार. ती हवा आत घेऊन तुम्ही वाफ जमण्याचा वेग कमी कराल, पण काच वाळवणार कशाने? पावसाळ्यात दोरीवरच्या कपड्यांवर फॅन सोडला तरी ते दमटच राहतात तसं. त्यात फट ठेवली की पाऊस आत येतो, वरच्या कडेने ओघळतो आणि काचेच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब, समोरून ट्रक आला की त्याने उडवलेलं चिखलाचं पाणी थेट डोळ्यात. रात्री तर समोरच्या हेडलाइटचा प्रत्येक थेंबात एक वेगळा दिवा पेटतो. आणि हिवाळ्यातही दाट धुक्याची पहाट असेल तर हेच लागू, तो जुलैच समजायचा.

फट अजिबात ठेवू नका असं मी म्हणत नाहीये. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, जुन्या हायवेने खंडाळा चढताना ट्रकमागे रांगेत अडकलो की (एक्सप्रेसवेवर आपल्याला बंदीच आहे, म्हणजे जुना रस्ता आलाच) मीही ठेवतो, कारण गाडी थांबली की हेल्मेटमधली हवा हलतच नाही आणि वाफ सगळ्यात जास्त तेव्हाच धरते. हनुवटीजवळची हवेची खिडकी मात्र पावसातही उघडी असू द्या, कित्येकांना ती शोभेची वाटते, ती आतून थेट काचेवर हवा सोडण्यासाठीच असते. आणि हनुवटीखाली कापडी पडदा लावलेला असेल तर पावसाळ्यापुरता काढून बघा, गारवा अडवतो पण श्वासही कोंडतो.

आता शॅम्पू. मी शॅम्पूला नावं ठेवली असं तुम्ही लिहिलंय, तसं नाहीये. साबणाने पाण्याचा ताण मोडतो म्हणून थेंब गोल न बनता पातळ थर होऊन पसरतात, थरातून आरपार दिसतं, थेंबांतून नाही. बस, एवढंच. पण तो थर श्वासातल्या पाण्यानेच हळूहळू विरघळतो आणि खाली वाहतो. ऑफिसला जाऊन येण्यापुरता उत्तम आहे, पुणे ते माणगाव सलग पावसात नाही पुरत. लावायचाही एक थेंब फक्त, लहान मुलांचा शॅम्पू, काच धुवून पूर्ण कोरडी झाल्यावर मऊ कापडाने पसरवायचा, वाळू द्यायचा आणि मग डोळ्याला दिसेनासा होईपर्यंत पुसत राहायचं. लोक इथेच घाई करतात, मग रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि घाम आला की डोळे चुरचुरतात. भांड्याचा बार, टूथपेस्ट, राख हे कृपा करून नको, त्यात घासायची पूड असते आणि हेल्मेटची काच ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, एकदा ओरखडे पडले की नवीनच घ्यावी लागते. पेट्रोल, थिनर, अमोनियावालं काचेचं क्लीनर यांनी तर त्याला बारीक तडे जातात. गाडी धुताना पेट्रोलचा बोळा हेल्मेटवरही फिरवणारे महाभाग मी बघितलेत.

पुतण्याच्या पिनलॉकवर मला जास्त बोलायचंय. कमेंटमध्ये तुम्ही लिहिलंय "मध्ये धुकं झालं होतं". मध्ये म्हणजे दोन काचांच्या मध्ये ना? मग तिथेच उत्तर आहे. पिनलॉक म्हणजे आतून बसवायची एक पातळ दुसरी काच, तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक गोट असते, ती गोट बाहेरच्या काचेला चारही बाजूंनी चिकटून बसली की मध्ये हवा बंद होते आणि आतली काच बाहेरच्याएवढी गार पडत नाही. वर तिचं मटेरियल थोडं पाणी शोषूनही घेतं. मध्येच धुकं आलं याचा अर्थ गोट कुठेतरी सुटलीये आणि श्वास तिथून आत शिरतोय. ज्या दोन पिनांमध्ये आतली काच अडकते त्या पिना गोल फिरतात, त्यांचा फिरण्याचा आस मध्यावर नसतो, म्हणून त्या थोड्या फिरवल्या की ताण वाढतो आणि गोट दाबून बसते. दुकानात हे कुणी करून देत नाही, खिळ्यात अडकवून देतात फक्त. उजेडाकडे धरून गोट बघायला सांगा त्याला, जिथे ती नीट टेकलीये तिथे अखंड रेघ दिसते, जिथे रेघ तुटते तिथे गळती. दुसरं म्हणजे त्यावरची संरक्षक फिल्म काढली का विचारा, हसू नका, बरेच जण काढत नाहीत. आणि तुमचा शॅम्पू त्यावर लावला असेल तर तोही धुवून टाकायचा, कोमट पाण्याने, न घासता, आणि हवेवर वाळवायचं.

पण पिनलॉकमध्ये खोटही आहे, ती मी मूळ लेखात लिहिलीये आणि इथेही लिहितो म्हणजे विकायला बसलोय असं वाटायला नको. ते मऊ असतं, चटकन ओरखडतं. रात्री समोरचा दिवा कधी कधी दोनदा दिसतो. दिवसभर पावसात शोषून शोषून ते भरलं की त्याच्यावरही ओल दिसायला लागते, मग मुक्कामी काढून वाळवावंच लागतं, ओल्या हेल्मेटमध्ये तसंच ठेवून सकाळी निघालात तर काही उपयोग नाही. आणि ज्या काचेला पिना नाहीत तिला घरी ड्रिल मारून बसवू नका. त्यापेक्षा चिकटवायची फिल्म मिळते ती बरी, दिसायला तितकी स्वच्छ नसते पण रोजच्या गाडीला चालून जाते. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याला मी पिनलॉक घे म्हणणारच नाही, पावसाळ्यात घाट करणाऱ्याला म्हणेन.

अजून एक, कित्येकदा जे दिसत नाही ती वाफ नसतेच. आतून बोट फिरवा, फरक पडला नाही तर ओल बाहेरून आहे, तिथे आतले सगळे उपाय फुकट. बाहेरून पाणी न धरणारं लिक्विड लावायचं (चुकूनही आतून नाही) आणि डाव्या हाताच्या बोटाने पुसत राहायचं, पावसाळी ग्लोव्हजवर डावीकडे रबराची पट्टी असते ती त्याचसाठी, उजवा हात थ्रॉटलवर असतो ना. जुनी झिजलेली काच असेल तर पावसात कशानेच भागत नाही, काच बदला.

चष्मेवाल्यांचं दुखणं वेगळं आहे कारण त्यांना पुसायला दोन जागा, आणि चष्म्याला हेल्मेट काढल्याशिवाय हात पोचत नाही. तिथे श्वास वर येऊच न देणं हाच मार्ग. हेल्मेटमध्ये नाकावर बसणारा ब्रेथ गार्ड मिळतो, बऱ्याचदा बॉक्समध्येच असतो आणि लोक तो फेकून देतात. तो नाकाला घट्ट बसला पाहिजे, लोंबता नको. आणि धुळीसाठी नाकावरून रुमाल किंवा बफ बांधता ना, तोच श्वास सरळ वर चष्म्यावर पाठवतो, पावसात धूळ नाहीये, नाकाखाली ओढा. चष्म्याच्या काचेवर कोटिंग असेल तर शॅम्पू चालेल का ते चष्मेवाल्या दुकानात विचारून घ्या, त्यांच्याकडे अँटी-फॉगचं कापड मिळतं.

तर पुतण्याला पुढच्या वेळी निघायच्या आदल्या रात्री पिना फिरवायला सांगा, मग आरशासमोर हेल्मेट घालून काच बंद करून पाच मिनिटं तोंडाने जोरात श्वास घेऊ दे. घरातलं गार वातावरण असलं तर तिथेच कळेल गोट कुठे सुटतेय ते. तरीही मध्ये धुकं आलं तर गोटेचा उजेडात काढलेला फोटो इथे टाका, बघतो.