वर यायचा भोंगा

२०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं आठवड्याला ९० तास काम करण्याबद्दलचं बोलणं गाजलं, तेव्हा आमच्या नागपूरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस भांडण चाललं. नारायण मूर्तींचे ७० तास आधीच पचले होते, हे त्याच्या वरचं. नागपूरजवळच्या मिहान उद्योगनगरीत नोकरी करणारा चुलतभाऊ म्हणाला, नव्वद तर आम्ही आत्ताच भरतो, फक्त मोजत कोणी नाही. काकांचं म्हणणं, आमच्या वेळी कोणी थकत नव्हतं. मी हॉलंडमधल्या आइंडहोवनला घरी होतो, आजारपणाच्या रजेचा चौथा महिना. चार ओळी टाइप करायला त्या दिवसांत मला अर्धा तास लागायचा. अंगठ्याची इमोजी टाकली आणि फोन उलटा ठेवला.

झालं होतं ते असं. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी दुकानात दह्याच्या शेल्फसमोर उभा होतो. पंधरा-वीस प्रकारचे डबे. रोजचा कोणता, ते आठवेना. किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. तिथल्या पोरीनं येऊन विचारलं आणि मला रडू फुटलं. दह्यासाठी! त्याआधीचं वर्षभर रात्री तीनला जाग, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा, आणि ज्या कामावर जीव होता त्याच कामाचा वीट, हे सगळं मी ‘सध्या जरा लोड आहे’ या वाक्यात कोंबत आलो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन केलं ते तीन अंगांनी: सगळी शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, हातून काही होत नाही असं वाटणं. तो आजार नव्हे, कामाच्या जागी उद्भवणारी गोष्ट आहे, असंही त्यांनी म्हटलं. हे वाचून काकांना आनंद झाला. ‘बघ, आजारच नाही.’ मला मात्र त्यातलं ‘कामाच्या जागी’ महत्त्वाचं वाटतं.

हॉलंडचा कायदा ते ओळखतो. आजारी माणसाला मालकानं दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यायचा. काय झालंय हे साहेबानं विचारायचं नाही. ते कंपनीचा डॉक्टर बघतो आणि किती तास झेपतील एवढंच साहेबाला कळवतो. माझ्या डॉक्टरनं गोळी दिली नाही. झोप, चाल, स्क्रीन बंद, आणि परत कधी जायचं याचा विचार आत्ता नको. पहिले सहा आठवडे मी अपराध्यासारखा काढले. नागपूरकर माणूस घरी बसला की त्याला वाटतं, कोणीतरी खिडकीतून बघतंय.

खिडकीतून कोणी बघत नव्हतं, हीच तिथली दुसरी बाजू. ऑफिसातून सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड आलं, फुलं आली, आणि मग पाच महिने सभ्य शांतता. त्रास होऊ नये म्हणून कोणी फोन करत नाही. बायको कामावर, मुलगी शाळेत. मी कालव्याच्या कडेनं चालत राहायचो आणि बदकांशी मराठीत बोलायचो. विनोद नाही करत.

एप्रिलमध्ये डॉक्टरची परवानगी काढून नागपूरला आलो. इथं उलटं. पहिल्याच दिवशी मावशीनं दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी धंतोलीतल्या चांगल्या डॉक्टरचं नाव दिलं, ‘पण उशिरा जा, कोणी पाहत नाही.’ ज्या शहरात रिक्षावाल्याला आपण बिनदिक्कत ‘पागलखाना चौक’ सांगतो, तिथं ही भीती कुठून येते ते सांगायला नको. त्या चौकातलं मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. सुफी संत ताजुद्दीन बाबांनाही इंग्रजांच्या काळात तिथंच ठेवलं होतं, लोक दर्शनाला तिथं जायचे, आणि शेवटी रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याला नेलं. आई मला ताजबागेत, बाबांच्या दर्ग्यावर घेऊन गेली. मी चादर चढवली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चुलतभाऊ माहुरझरीच्या विपश्यनेचा फॉर्म घेऊन आला, दहा दिवस मौन. पाच महिने बदकांशिवाय कोणाशी न बोललेल्या माणसाला आणखी मौन कशाला, म्हणून तो तसाच ठेवला.

म्हणजे शरीर, मन, आत्मा यांची काळजी घेणाऱ्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. प्राणायाम आहे, काढा आहे, दर्गा आहे, आणि आता तर रिसॉर्टवाल्यांचं तीन दिवसांचं पॅकेजही आहे. राग येतो तो एवढ्याचाच की हे सगळं माणसाला सोमवारी पुन्हा त्याच खुर्चीत बसवण्यासाठी असतं. चुलतभाऊ पहाटे साडेपाचला अनुलोम-विलोम करतो आणि रात्री बाराला मेल पाठवतो. त्याची बायको म्हणते, नाकपुड्या तेवढ्या ठणठणीत आहेत.

माझे बाबा नागपूरजवळच्या सिलेवाड्याच्या भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, होते. एका दुपारी आम्ही दोघं अंगणात बसून कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरत होतो. ओला करून पसरायचा, दाबायचा, तार ओढायची. तासभर कोणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे पाळी संपल्याचा भोंगा कोण वाजवते?’

‘भोंगा नसतो बाबा.’

‘मंग वर केव्हा येता?’

जमिनीखाली दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, हे १९५२ च्या खाण कायद्यात लिहिलेलं होतं. त्याआधी १९४६ मध्ये कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, ते विधेयक मांडताना मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. आठ तास हे काही आम्ही परदेशात राहून शिकलेले लाड नाहीत. ते माझ्या बापाला मिळत होते. मिहानमधल्या पोराला मिळत नाहीत.

बाबांनी आणखी एक सांगितलं. खाली जाताना प्रत्येकाला लॅम्प केबिनमधून नंबरचा दिवा मिळायचा. पाळी सुटली की दिवे मोजायचे. एक जरी परत आला नाही, तरी माणूस खाली आहे असं धरून शोधायला जायचे. तो कामचुकार होता की प्रामाणिक, हे कोणी विचारायचं नाही. मी तारेला पीळ देत होतो, आणि मला वाटलं, आइंडहोवनला कायद्याचा भोंगा आहे पण माझा दिवा मोजणारं कोणी नव्हतं. इथं अख्खी गल्ली दिवे मोजते, पण वर येऊ देईल असा साहेब चुलतभावाला मिळायचाय.

आता मी पुन्हा कामावर जातो. आधी आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास, सध्या तीन दिवस. माझे पाच वाजले की नागपुरात साडेआठ होतात, आणि बाबांचा फोन येतो. ‘वर आला का?’ एवढंच. गेल्या गुरुवारी मीटिंग लांबली, मी उचलला नाही. सात मिनिटांनी बायकोचा मेसेज: बाबा विचारताहेत, दिवा कुठं आहे.