थरथर थांबली म्हणजे तोल सावरला असे नाही

फोनवरून एक मजकूर सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. पार्किन्सन म्हणजे हातांची थरथर, ती गोळीने थांबली की आजार आटोक्यात आला. तोल जातो तो वयामुळे आणि पायांतल्या अशक्तपणामुळे, म्हणून रुग्णाने शक्यतो बसून राहावे, असे त्यात म्हटले आहे. या आजारातील तोल आणि चाल हाच माझ्या संशोधनाचा विषय असल्याने मला त्याचे उत्तर द्यावेसे वाटते.

थरथरीविषयीचा समज ‘कंपवात’ या रूढ नावानेच पक्का केला आहे. प्रत्यक्षात निदानासाठी हालचालींतील मंदपणा अनिवार्य असतो. थरथर काही रुग्णांत कधी दिसतच नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केलेल्या वर्णनातही पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता आपोआप धावू लागणारी पावले यांची नोंद आहे.

अशक्तपणाचे विधान अधिक दिशाभूल करणारे आहे. स्नायूंची ताकद काहीशी घटते आणि वयाचाही वाटा असतो, हे मान्य. पण मूळ बिघाड हालचाली आपोआप घडवून आणणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत असतो. दाराच्या चौकटीशी आल्यावर रुग्णाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, टाचा जागच्या जागी थरथरतात आणि धड मात्र पुढे जात राहते. त्याच माणसापुढे जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या, तर पुष्कळदा तो त्या ओलांडत सहज चालू लागतो. पायच दुबळे असते, तर हे घडले नसते. नेदरलँड्समधील एका ५८ वर्षांच्या रुग्णाला आधाराशिवाय चार पावलेही टाकता येत नव्हती, पण सायकल तो व्यवस्थित चालवत असे. हे उदाहरण २०१० साली प्रसिद्ध झाले.

मेंदूतील डोपामिन या रसायनाची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधामुळे मंदपणा आणि ताठरपणा कमी होतो, आणि ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. तोलावर मात्र तिचा परिणाम तुलनेने कमी होतो, कारण त्यात डोपामिनखेरीज ॲसिटिलकोलिनसारख्या रसायनांचाही सहभाग असतो. तपासताना डॉक्टर मागे उभे राहून रुग्णाचे खांदे झटकन मागे ओढतात. निरोगी माणूस एकदोन पावलांत सावरतो, तर ज्याच्या हातांची थरथर पूर्ण थांबली आहे असा रुग्णही कधी कधी पाऊल न टाकताच मागे कोसळू लागतो.

बसून राहण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. हालचाल थांबली की उरलीसुरली ताकद आणि आत्मविश्वासही जातो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १९५ रुग्णांवरील अभ्यासात आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला आणि त्यांचे पडणेही कमी झाले. वारंवार पडणाऱ्यांनी सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी. घरच्यांनी रुग्णाला चालू द्यावे. वळताना जागच्या जागी गर्रकन न फिरता मोठा वळसा घ्यायला सांगावे, आणि तो वळत असताना त्याला प्रश्न विचारू नये, कारण त्या क्षणी त्याचे सगळे लक्ष पावलांवरच असावे लागते.