‘गळक्या आतड्या’ची रक्ततपासणी आणि सिरॉसिस: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

सिरॉसिसच्या (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णांमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे. थोडक्यात तो असा: सिरॉसिसचं मूळ आतड्यात आहे, आतडं गळकं झालं की विष लिव्हरमध्ये उतरतं, म्हणून रक्तातलं झोन्युलिन (आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल करणारं प्रथिन) तपासा, ते वाढलेलं असेल तर ग्लुटामाइनची (प्रथिनांच्या एका घटकाची, अमिनो आम्लाची) पावडर सुरू करा, आकडा उतरला की लिव्हर सुधारलं. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. पावडरीचा सल्ला मात्र रुग्णाला बेशुद्धीकडे नेऊ शकतो, म्हणून हे उत्तर.

‘मूळ आतड्यात आहे’

सिरॉसिसमध्ये आतड्याची भिंत सैल होते, हे खरं. आतड्यातून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढल्याने आतड्याच्या अस्तराला सूज येते, पित्त कमी उतरतं, लहान आतड्यात जिवाणू माजतात. त्यांचे तुकडे, कधी जिवंत जिवाणूही, भिंत ओलांडतात. सिरॉसिसमध्ये पोटात साचणाऱ्या पाण्यात बाहेरून काही शिरलेलं नसताना जंतुसंसर्ग होतो, तो मुख्यतः याच वाटेने. पण लिव्हर मुळात खराब होतं ते दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, लिव्हरमधली चरबी अशा कारणांनी. गळती त्या आगीत तेल ओतते. विषाणूवर औषध न घेता किंवा दारू चालू ठेवून आतडं दुरुस्त करत बसलं, तर नुकसान चालूच राहतं.

‘झोन्युलिन वाढलं म्हणजे गळती’

झोन्युलिन म्हणजे प्री-हॅप्टोग्लोबिन-२ (रक्तातल्या हॅप्टोग्लोबिन या प्रथिनाचं कच्चं रूप), हे २००९ साली दाखवलं गेलं. ते हॅप्टोग्लोबिनच्या मानवी जनुकाच्या ‘२’ प्रकारातूनच तयार होतं. ज्यांच्याकडे दोन्ही प्रती ‘१’ प्रकारच्या आहेत, त्यांच्या शरीरात ते बनतच नाही. मग बाजारातलं किट अशा लोकांच्या रक्तातही ‘झोन्युलिन’ कसं दाखवतं? २०१८ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र तपासण्यांतून दिसलं, की सर्रास वापरली जाणारी किटं प्री-हॅप्टोग्लोबिन-२ पकडत नाहीत. त्यांना सापडतात दुसरीच, रोगप्रतिकाराशी संबंधित प्रथिनं: प्रोपर्डिन, कॉम्प्लिमेंट सी-३ यांसारखी.

सिरॉसिसच्या रुग्णासाठी गोष्ट इथे आणखी बिघडते. हॅप्टोग्लोबिन आणि सी-३ ही दोन्ही प्रामुख्याने लिव्हरच बनवतं. लिव्हर थकलं की दोन्ही घटतात. रक्तपेशी लवकर फुटत असतील तर हॅप्टोग्लोबिन आणखी कमी होतं. म्हणजे आकडा उतरला, तेव्हा आतडं बरं झालेलं नसून लिव्हर खचलेलं असू शकतं. ‘आकडा उतरला की सुधारलं’ हा दावा इथेच कोसळतो.

‘मग लघवीची साखर-चाचणी करा’

ही चाचणी (मधुमेहाची नव्हे, आतड्याची गळती मोजणारी) खरी आहे आणि संशोधनात वापरली जाते. उपाशीपोटी लॅक्ट्युलोज (साधारण ५ ते १० ग्रॅम) आणि मॅनिटॉल हे साखरेसारखे दोन पदार्थ पाण्यातून देतात, मग ५-६ तासांची सगळी लघवी गोळा करून दोघांचं गुणोत्तर काढतात. लॅक्ट्युलोजचा रेणू मोठा. तो पेशींमधल्या सांध्यांतूनच जातो. मॅनिटॉल लहान, तो सहज जातो. लघवीत मॅनिटॉल बरंच उतरतं, लॅक्ट्युलोज निरोगी माणसात १ टक्क्याहूनही कमी.

पण सिरॉसिसच्या कित्येक रुग्णांना मेंदूवर परिणाम होऊ नये म्हणून लॅक्ट्युलोज हेच औषध चालू असतं! नेहमीच्या सिरपच्या १५ मिलीमध्ये सुमारे १० ग्रॅम असतं, म्हणजे औषधाचा एक डोसच चाचणीच्या मात्रेएवढा. अशा वेळी गुणोत्तराला अर्थ उरत नाही, आणि चाचणीसाठी हे औषध बंद करणं तर अजिबात नको. भरीला पोटातलं पाणी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मंदावलेली किडनी यांनीही आकडा बदलतो. एखादं भांडं सांडलं किंवा एका वेळची लघवी गोळा करायची राहिली, तरी हिशेब चुकतो.

बाकीच्या तपासण्या

एलबीपी (जिवाणूंच्या विषाला चिकटणारं प्रथिन) लिव्हरच बनवतं, आणि साध्या न्यूमोनियातही ते वाढतं. एन्डोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या कवचातल्या विषाच्या) तपासणीत रक्तातली प्रथिनं अडथळा आणतात. नळी एन्डोटॉक्सिनमुक्त नसेल तर खोटा आकडा येतो. आय-एफएबीपी (आतड्याच्या पेशींमधलं एक प्रथिन) आतड्याच्या पेशी मेल्याचं सांगतं, भिंत सैल असल्याचं नव्हे. शिवाय ते किडनीवाटे बाहेर पडत असल्यामुळे किडनी बिघडली की वाढतं. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (पांढऱ्या पेशींतलं प्रथिन) सूज दाखवतं. गटागटांची तुलना करायला संशोधकांना यांचा उपयोग आहे. एका माणसाचं औषध ठरवायला नाही.

‘ग्लुटामाइन घ्या’

हा भाग कृपया घरात वाचून दाखवा. आतड्याच्या पेशी ग्लुटामाइन फोडतात तेव्हा अमोनिया सुटतो. निरोगी लिव्हर तो लगेच निकामी करतं, सिरॉसिसचं करू शकत नाही. म्हणूनच रुग्णाचा अमोनिया किती चढतो आणि मेंदूवर काय परिणाम होतो हे पाहायला संशोधक तोंडाने १० ते २० ग्रॅम ग्लुटामाइन देत आले आहेत. पावडरीचे रोजचे एक-दोन मोठे चमचे साधारण त्याच मापात जातात. दिवसा झोप, रात्री जाग, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, अक्षर बिघडणं, बोलण्यात घोळ: यातलं काही दिसलं तर पावडर थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

याचा अर्थ प्रथिनं तोडा असा मुळीच नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात (वजन धरताना पोटातलं पाणी वगळा). ती डाळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, अशा साध्या जेवणातून घ्यावीत, आणि झोपण्याआधी थोडं खावं. लांबलेले उपास स्नायू झिजवतात, आणि अमोनिया हटवण्यात स्नायूंचाही वाटा असतो.

पैसे आणि वेळ कशावर खर्चावा

पोटात पाणी असेल आणि ताप, पोटदुखी, गोंधळ किंवा किडनीचा बिघाड दिसत असेल, तर सुईने पाणी काढून तपासायला सांगा. त्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दर घनमिलिमीटरला २५० किंवा अधिक असतील तर संसर्ग धरून लगेच उपचार सुरू होतात, कल्चरची (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीची) वाट पाहत नाहीत. पाण्यातलं प्रथिन डेसिलिटरमागे १.५ ग्रॅमहून कमी असेल तर असा संसर्ग होण्याचा धोका जास्त. प्रतिबंधक औषध लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. कल्चरचं पाणी मात्र रुग्णाच्या खाटेपाशीच, तिथल्या तिथे ब्लड कल्चरच्या बाटलीत भरायला हवं. साध्या नळीतून लॅबला पाठवलं तर जंतू असूनही अनेकदा वाढत नाहीत.