ए साइड सांगली, बी साइड धारवाड

गणपतीला पुतण्या बेंगळुरूहून आला आणि येताना एक प्रश्न घेऊन आला. लोकांची पोरं म्हैसूरपाक आणतात.

"काका, समजा उरलेलं आयुष्य एकच अल्बम ऐकायचा. दुसरं काहीच नाही. तुम्ही कुठला घेणार?"

माझ्या तोंडात कुंदा होता, म्हणून आवाजात जरा जास्तच आत्मविश्वास आला. "त्यात काय, सांगतो की!" म्हटलं. कुंदा संपला, आरती झाली, रात्रीचे दोन वाजले. मी आढ्याकडे बघत जागा. बायकोनं विचारलं, "छातीत दुखालंय काय?" म्हटलं, "नाही. अल्बम." ती कूस बदलून झोपली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली की बाई कशालाही दचकत नाही.

खरं म्हणजे बेळगावच्या माणसाला असला प्रश्न विचारूच नये. आमचा सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. कुठल्याही गोष्टीचा निकाल रातोरात लागतो यावर आमचा विश्वासच राहिलेला नाही. त्यात आमचं घर वडगावात. समोर माग. शांततेत विचार करायचा म्हटला तरी तो खडखडाटाच्या तालात करावा लागतो.

सकाळी वही घेऊन बसलो. पहिलं नाव न मागता उतरलं, गीतरामायण. वहीत डोकावून पोरगं म्हणालं, "बाद." का? तर गाणी ५६, पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीपासून आठवड्याला एक अशी वर्षभर चाललेली. "हा अल्बम नव्हे काका, हा रेशनचा वर्षाचा कोटा झाला. एकच म्हणजे एकच. फार तर एक कॅसेट, दोन बाजू." मी म्हटलं, "अरे, रामाला वनवासालाच चौदा वर्षं लागली. गदिमा-बाबूजींनी सगळं एका वर्षात बसवलं, ते पण तुला जास्त होतंय?" पण पोरगं कंपनीत कसल्याशा नियमांचंच काम करतं. बधलं नाही.

मग कुमार गंधर्व. हे तर घरचेच. १९२४ साली सुळेभावीत जन्म. आमच्या दारातून स्कूटर काढली की दूध ओतू जायच्या आत पोचेन असं मी पाहुण्यांना सांगतो. (पोचत नाही. दूध जातं.) निर्गुणी भजनं पक्की केली आणि सराव म्हणून तीन दिवस तेवढीच लावली. पहिल्या दिवशी घर कसं धुऊन निघाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी चहात साखर कमी घेतली. तिसऱ्या दिवशी बायको मेथीची जुडी घेऊन समोर उभी. "अहो, ते 'उड जायेगा हंस अकेला' ऐकत भाजी निवडवत नाही. कुणासाठी निवडायची ही, असं वाटालंय." खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात माझं लाइटबिल भरायचं राहून गेलं. काय घेऊन आलो, काय घेऊन जाणार, असा विचार. वीजखातं मात्र सगुणवालं निघालं. बरोबर घर ओळखून आलं.

मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याची तालीम, राग एकेक अनवट. ऐकताना अंगावर काटा येतो, पण आमच्या गल्लीत कट्ट्यावर बसलेला प्रत्येकजण "राग कुठला हो हा?" असं विचारून जातो. आयुष्यभर एकच राग ऐकायचा आणि आयुष्यभर त्याचं नाव चुकवायचं, ही बेअब्रू या वयात नको.

एवढ्यात बायकोनं वहीवरून नजर फिरवली. "सगळे कानडीच की हो यादीत."

बघतो तर खरंच. कुमार कानडी, मन्सूर कानडी, खाली भीमसेन जोशी लिहायला घेतलेले, तेही गदगकडचे, घरात कानडीच. आणि यादी करणारा कोण, तर दर एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनाला, काळी पट्टी शोधत कपाट उपसणारा मी. ती पट्टी ज्या खणात सापडते त्याच खणात कॅसेटी असतात, हे आजवर कसं खुपलं नाही कोण जाणे. जरा वेळ अवघडलो. मग आठवलं, खुद्द विठोबालाच ज्ञानोबामाउली 'कानडा' म्हणून गेलेत आणि पंढरपूरचं त्यावाचून काही अडलेलं नाही. भीमसेन अण्णांचं नाव पूर्ण लिहिलं.

आता अण्णांचे अभंग आम्ही काय निवडणार? ते देवळाच्या कर्ण्यानं, शेजारच्यांनी आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं आमच्यासाठी कधीच निवडून ठेवलेत. तरी पोरानं मोबाइलवर मूळ ध्वनिमुद्रण शोधून दिलं, कानात ती बोंडं घातली. 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल'. आवाज असा स्वच्छ की टाळ वेगळे मोजावेत. ऐकत गेलो आणि एका जागी आपोआप थांबलो, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसा. काहीतरी यायला हवं होतं, ते आलंच नाही.

कुकरची शिट्टी.

मग तोच खण उपसला. काळी पट्टी, दोन बंद घड्याळं आणि त्याखाली बाबांची कॅसेट. नव्वद मिनिटांची, दर बाजूला पंचेचाळीस. बाबांच्या अक्षरात ए साइडवर 'सांगली', बी साइडवर 'धारवाड'. आमच्या रेडिओला दोन्ही केंद्रं लागायची. काटा नखभर सरकवला की भाषा बदलायची. आषाढी एकादशीला सांगलीवर अण्णांचे अभंग होते. बाबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडला, आम्हा पोरांना श्वाससुद्धा जपून घ्यायला सांगितला आणि समोरच्या मागवाल्याला अर्धा तास माग बंद ठेवायची विनंती केली. तो म्हणाला, "पंडितजींनाच जरा थांबायला सांगा की." त्यामुळे साथीला तबला, टाळ आणि माग. शिवाय आईनं उपासाची रताळी कुकरात लावलेली. अण्णा तान घेऊन वर चढतात, शिट्टी त्यांच्याबरोबर चढते आणि पाठोपाठ बाबांचा आवाज येतो, "अगं, बंद कर की ते!" तरी आणखी दोन शिट्ट्या होतात. आईचं म्हणणं, तीन शिट्ट्यांशिवाय रताळी शिजत नाहीत, मग गाणारा कोणी का असेना.

बी साइडला धारवाडहून घेतलेली दासरपदं, म्हणजे कानडी संतांची भजनं. पुरंदरदासांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' सुरू झालं की शेजारच्या अक्का भिंतीपलीकडून सूर लावायच्या. त्यासुद्धा कॅसेटीत आहेत, पहिल्या कडव्यापासून, अर्धा स्वर खाली.

पुतण्याला म्हटलं, "हा माझा अल्बम."

"काका, हा अल्बम नव्हे. हे घरचं रेकॉर्डिंग आहे."

"एक कॅसेट आहे. दोन बाजू आहेत. तुझाच नियम."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "निदान मोबाइलवर घेऊ या. एक ॲप आहे, मागचा आवाज सगळा साफ करतं. माग, शिट्टी, सगळं जाईल. नुसते पंडितजी राहतील."

मी कॅसेट त्याच्या हातातून काढून घेतली. टेप सैल पडली होती. पेन्सिल घालून गुंडाळली, जुन्या टेपरेकॉर्डरात घातली, बटण दाबलं. पट्टा ढिला झाल्यामुळे अण्णा जरा जडावल्यासारखे वाटले, पण गात होते. बायको सोप्यात शेंगा फोडत बसलेली. तान वर चढली, पहिली शिट्टी झाली. बायको उठली, आत जाऊन गॅसकडे बघून आली. "कॅसेटच आहे," असं मलाच सांगून बसली. दुसऱ्या शिट्टीला तिनं नुसती मान वळवली.

तिसऱ्या शिट्टीला पुतण्या उठला.