बेरोजगारीचा दर घटला, म्हणजे नेमके काय घटले?

बेरोजगारीचा दर घटल्याची बातमी आली की एक बाजू तिचे स्वागत करते आणि दुसरी आकडेच खोटे असल्याचा आरोप करते. पण तो दर कशाला कशाने भागून काढला आहे, हे दोघांपैकी कोणी विचारत नाही. श्रमशक्ती सहभागाचा दर, म्हणजे कामाच्या वयातील किती टक्के लोक श्रमशक्तीत (काम करणारे अधिक काम शोधणारे) आहेत हा आकडा, सोबत न देता केवळ बेरोजगारीचा दर सांगणे म्हणजे, आकडा अगदी अचूक असला तरी, वाचकाची दिशाभूल करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ज्याला काम नाही, जो काम करण्यास उपलब्ध आहे आणि ज्याने अलीकडे कामाचा शोध घेतला आहे, तोच बेरोजगार. समजा, श्रमशक्तीत १०० माणसे आहेत आणि त्यांपैकी १० बेरोजगार आहेत. त्या दहांतील चौघांनी निराश होऊन शोध सोडला, तर ते श्रमशक्तीतूनच वजा होतात. ९६ पैकी ६ उरतात आणि दर १० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर येतो. काम मात्र एकालाही मिळालेले नसते. उलट, बाजार सुधारू लागला की हीच माणसे पुन्हा शोधाला लागतात आणि दर काही काळ चढतो, तेव्हा त्याच सुधारणेवर टीका सुरू होते.

शिवाय संदर्भ आठवड्यात, म्हणजे पाहणीत ज्या आठवड्याबद्दल विचारले जाते त्यात, मोबदल्यासाठी एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते. (या निकषाची थट्टा करणे सोपे आहे, परंतु उत्पादनात लागलेले सगळे श्रम मोजायचे तर तो योग्यच आहे. चूक आहे ती त्यावरून जीवनमानाचा निष्कर्ष काढणाऱ्यांची.) जिथे बेकारी भत्ता नाही, तिथे गरिबाला रिकामे राहणे परवडतच नाही, मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर त्याला करावे लागते, म्हणूनच अनेक गरीब देशांत बेरोजगारीचा दर कमी आणि दारिद्र्य मात्र अधिक दिसते.

दारिद्र्याचे मोजमापही व्याख्येवरच उभे असते. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा दररोज २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, आणि जगातील अतिगरिबांची गणना सुमारे १२.५ कोटींनी वाढली.

महागाईबाबतचा गैरसमज अधिक साधा, पण चिवट आहे. महागाईचा दर १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, तरी किमती उतरत नाहीत. १०० चे ११० आणि ११० चे ११४.४० होतात. या दोन वर्षांत ज्याचे वेतन दरसाल ५ टक्क्यांनी वाढले, त्याच्या १०० चे ११०.२५ झाले, म्हणजे ‘महागाई आटोक्यात’ आल्यानंतरही तो मागेच राहिला.

आणि महागाई आटोक्यात येते ती फुकट नव्हे. अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचे (फेडरल रिझर्व्हचे) अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या काळात व्याजदर कठोरपणे वाढवले गेले. १९८० मधील सुमारे १३.५ टक्क्यांची महागाई १९८३ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास आली, पण दरम्यान, १९८२ च्या अखेरीस, बेरोजगारी १०.८ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. ते धोरण अटळ होते, हा युक्तिवाद मी समजू शकतो. मात्र महागाई कमी झाल्याचा लाभ सर्वांना मिळाला आणि तिची किंमत प्रामुख्याने नोकरी गमावलेल्यांनी चुकवली, हेही त्याच वाक्यात सांगितले गेले पाहिजे.