नोजल साफ केले म्हणता, मग ही काजळी कोणाची?

बिलावर ठळक अक्षरात लिहिलंय : नोजल क्लीनिंग 4 नग, मॅनिफोल्ड क्लीनिंग. नोजल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणारा फाट्यांचा पाइप. दोन्ही मिळून 5,200 रुपये. मी रोख मोजून दिले आणि दोनपैकी एकही काम झालेलं नाही. नुसता आठव आला तरी डोक्यात तिडीक जाते.

गाडी डिझेलची, कॉमन रेलची, म्हणजे 'रेल' नावाच्या एकाच नळीतून सगळ्या नोजलना जबर दाबानं डिझेल जातं. दिवाळीपासून पिकअप मेला होता, चढावर दम टाकायची, मागं काळा धूर. कापूस अजून घरातच पडलेला, हातात पैसा नाही, तरी तालुक्याच्या गॅरेजात टाकली. मी म्हटलं, उघडताना मी थांबतो. तर मिस्त्री म्हणे, "तुमी कायले ताटकळत बसता भाऊ? काई टेन्शन नोका घेऊ. पाच वाजता या, गाडी मक्खन चालन." गेलो मी. तिथंच घात झाला.

पंधरा दिवस बरी वाटली. सोळाव्या दिवशी आईला तपासणीसाठी वर्ध्याला न्यायचं होतं. कळंबच्या पुढं इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी चाळीसच्या वर पळेना. मागच्या सीटवर आई, मांडीवर फाईल, दर दहा मिनिटांनी विचारते, "पोचू ना बाबू येळेवर?" नाही पोचलो. चिठ्ठ्या देणं बंद झालं होतं. तसेच परत आलो.

मिस्त्रीला फोन केला तर उत्तर काय? "तुमच्या तिकडचं डिझेलच खराब हाये, त्याले मी काय करू?" अरे, त्याच पंपाचं डिझेल आमचा ट्रॅक्टर पितो, त्याला काही होत नाही! आणि डिझेलच खराब होतं, तर पैसे घेताना का नाही बोललास?

शेवटी यवतमाळला पंप-नोजलचं काम करणाऱ्याकडे नेली. त्यानं पाना लावण्याआधी चारही नोजलच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, नळ्या जोडल्या, खाली चार बाटल्या लावल्या आणि इंजिन चालू केलं. तीन बाटल्यांच्या तळाशी बोटभर डिझेल, तिसऱ्या नंबरची अर्ध्याच्या वर. म्हणजे ते नोजल रेलचं प्रेशरच धरत नव्हतं, आलेलं डिझेल मागं सोडून देत होतं. ते साफसफाईचं नव्हतंच, रिपेरिंगचं होतं. दहा मिनिटांची तपासणी! ती न करता त्या माणसानं चारही 'साफ' केले.

आणि साफ कसे केले? तारेच्या ब्रशनं. टोकावर ओरखडे स्पष्ट दिसत होते. या टोकाची भोकं साधारण 0.1 मिलिमीटरची, केसाच्या जाडीची. टायरमध्ये आपण 33 पीएसआय हवा भरतो. इथं 1,600 बार, म्हणजे 23,000 पीएसआयच्या वर दाबानं डिझेल त्या भोकातून बाहेर पडतं. भोक जरा बिघडलं की फवारा वाकडा, धूर काळा. त्यावर तारेचा ब्रश घासायचा? भांडी आहेत का ती?

नोजलखाली तांब्याचं वॉशर असतं. ते एकदा दाबलं गेलं की संपलं, नोजल काढलं की नवीन टाकायचं. माझ्या गाडीत चारही जुनेच. एका बाजूला खोल वळ उठलेला, दुसरीकडे काळा थर कडक झालेला. तिथून गॅस निसटत होता, म्हणून चालू केल्यावर चुक-चुक आवाज यायचा आणि मी महिनाभर वेड्यासारखा बेल्ट तपासत होतो. नवीन चार वॉशरचे दीडशे रुपये पडले. दीडशे रुपयांसाठी!

मग मॅनिफोल्ड काढला. यवतमाळचा मिस्त्री म्हणाला, "हे पाहा भाऊ, कोनं साफ केला म्हनता?" मनगट जाईल एवढ्या तोंडात अंगठा जेमतेम शिरला. आत डांबरासारखा काळा थर. मी बोट लावलं, तर नखातली काजळी दोन दिवस निघाली नाही. ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतो, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, तेलाची वाफ येते, दोन्ही मिळून असा गाळ साचतो. हे मला आता कळलं, पण तालुक्याच्या मिस्त्रीला तर ठाऊक होतं ना? त्यानं बाहेरून स्प्रे मारला, कपड्यानं पुसलं, 'क्लीनिंग' लिहून मोकळा झाला. बोल्टवरची जुनी धूळसुद्धा हलली नव्हती. नट फिरलाच नव्हता!

यवतमाळच्या माणसानं काम कसं केलं ते मी उभं राहून पाहिलं. इंजिनाच्या तोंडांत आधी कापडाचे बोळे कोंबले, खरवडलेली खपली आत पडली तर व्हॉल्व्हचं वाटोळं म्हणून. मॅनिफोल्ड बाहेर नेऊन भिजत घातला, खरवडला, हवा मारून वाळवला, गॅस्केट नवीन टाकलं. नोजलची बैठक घासून घेतली. तिसरं नोजल बदललं आणि त्याचा नंबर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरला. पूर्ण दिवस गेला. पैसे जास्त लागले, पण एक रुपया जड गेला नाही.

आमच्याकडे लोकांना वाटतं शेतकऱ्याच्या गाडीला काहीही चालतं. तो परत येणार कुठं, शंभर किलोमीटरवर दुसरं गॅरेज शोधणार का? हो, शोधलं.

जुने चार वॉशर मी कागदात बांधून ठेवलेत. परवा तालुक्याला बाजार आहे. ते त्याच्या टेबलावर ठेवणार, शेजारी ते बिल ठेवणार आणि 5,200 रुपये परत घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही. गिऱ्हाइकं बसलेली असली तर अजूनच बरं.