काठ कोणाचा?

६ जुलै २०२४, शनिवार. आदल्या संध्याकाळी जर्मनी युरो कपात स्पेनकडून हरली होती, त्यामुळे म्युनिकहून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांना लावलेले झेंडे उगाच केविलवाणे फडफडत होते. आम्ही दोघं आणि मागच्या सीटवर मुलगी निघालो होतो. शनिवारी मुरनाऊ गाव, रात्री कोखेल, रविवारी घाट चढून वाल्खेनझेचं तळं आणि इजार नदीच्या काठाने परत, असा बेत होता.

मुरनाऊत बेकरीसमोर गाडी लावून मोबाइल उघडला तर शाळेच्या ग्रुपवर दीडशे मेसेज. भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्याला तेव्हा आठवडा होत होता. जिल्हा प्रशासनाने मावळ-मुळशीतल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढला होता. खोल पाण्यात उतरायचं नाही, धोक्याच्या ठिकाणी सेल्फी काढायचा नाही, वगैरे. ग्रुपवर दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, लोकांना शिस्तच नाही, सरळ बंदी घाला. दुसऱ्याचं, बंदी घालून पोट कसं भरायचं? आणि मग नेहमीप्रमाणे कोणीतरी मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. ‘अरे, तू तिकडचं सांग ना. तिकडे असं होतं का?’

परदेशात राहणाऱ्या माणसाचा हा एक ठरलेला उपयोग असतो. त्याने इकडचा स्वच्छ फोटो टाकायचा, म्हणजे तिकडच्यांना एकमेकांना टोचायला सुई मिळते. मीही पूर्वी टाकायचो. आता हात आखडतो, कारण फोटोत पाणी दिसतं, पाण्याखालचा पाइप दिसत नाही.

पाइपाची गोष्ट सांगायलाच हवी. बव्हेरियातली, म्हणजे जर्मनीच्या या दक्षिणेकडच्या राज्यातली, तळी जन्मापासून अशी काचेसारखी राहिलेली नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काठावरची गावं आणि हॉटेलं वाढली, सांडपाणी थेट तळ्यात जाऊ लागलं आणि टेगर्नझेसारख्या नावाजलेल्या तळ्याची गटारगंगा व्हायची वेळ आली. तेव्हा शिस्तीवर भाषणं देण्याऐवजी तळ्याभोवती गोल सांडपाण्याची वाहिनी टाकली गेली. काठावरच्या प्रत्येक गावाचं मैलापाणी त्या कड्यात पडतं आणि शुद्धीकरण केंद्राकडे जातं. कीमझे हे बव्हेरियातलं सर्वांत मोठं तळं. त्याच्याभोवतीचं कडं सुरू व्हायला १९८९ उजाडलं. म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा. आपल्या कोल्हापुरात रंकाळ्यात नाले मिसळतात म्हणून इतकी वर्षं ओरड चालली आहे. तिथे कमी पडतो तो पाइप आणि पैसा. कोल्हापूरच्या माणसाच्या रक्तातच काही कमी आहे, असं मी तरी म्हणणार नाही.

मुरनाऊ छान आहे. कांदिन्स्की आणि गाब्रिएले म्युंटर हे चित्रकार पहिल्या महायुद्धाआधी काही उन्हाळे इथे राहिले. गावकरी त्यांच्या घराला ‘रशियन घर’ म्हणायचे. घर बघितलं, श्टाफेलझेच्या तळ्यात मुलगी डुंबली, आम्ही डबा खाल्ला. थालीपीठ बघून शेजारच्या चटईवरच्या आजीबाईंनी कृती विचारली. एवढं पुरे.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. कोखेलहून वाल्खेनझेला चढणारा केसेलबर्गचा घाट आपल्या ताम्हिणीची आठवण करून देतो, फक्त भजीवाले नाहीत. त्या घाटात शनिवार-रविवारी खालून वर चढायला मोटरसायकलींना बंदी आहे. तरुण पोरं वळणांवर शर्यती लावायची, मरायची, म्हणून. ग्रुपवर टाकण्यासारखी गोष्ट हीच वाटली: बंदी इकडेही आहे. पण एका रस्त्यावर, एका दिशेला, आठवड्याचे ठरावीक दिवस आणि एकाच प्रकारच्या वाहनाला. कारण काय आणि उपाय काय, याचा मेळ लागतो. अख्ख्या तालुक्याला ‘पाण्याजवळ जाऊ नका’ म्हणणं ही त्या मानाने हात झटकायची रीत आहे.

आणि बुडतात का? बुडतात की. दरवर्षी जर्मनीतल्या बुडून मेलेल्यांची यादी येते, तेव्हा तळ्यांचा हा प्रांत बहुतेक वेळा वरच असतो. इथे काठावर रेड क्रॉसच्या जलरक्षकांची छोटी ठाणी असतात. त्यातले बहुतेक स्वयंसेवक, आपली सुट्टी घालवून बसलेले. तसे लोक आपल्याकडे नाहीत असं म्हणू नका. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग’ बचाव पथकाची मुलं दर पावसाळ्यात दोर घेऊन दऱ्यांत उतरतात. फरक इतकाच, की इथे त्यांना पाण्याच्या काठावर आधीपासून जागा, बोट आणि खोली दिलेली असते. आपल्याकडे त्यांना फोन जातो तो बहुतेकदा माणूस वाहून गेल्यावर.

घाट उतरून उर्फेल्डला पोचलो आणि वाल्खेनझेचा तो हिरवट निळा रंग समोर आला. पार्किंगची पावती काढली, तिची वेळ संपल्यावर वीस मिनिटांनी परतलो आणि काचेवर दंडाचा कागद. बायको म्हणाली, ‘शिस्त!’

हे तळं निसर्गाने केलेलं, पण १९२४ पासून विजेला जुंपलेलं. वाल्खेनझे वर, कोखेलझे दोनशे मीटर खाली. पाणी डोंगरातून पाइपांनी खाली सोडायचं आणि टर्बाइन फिरवायचं. पाणी कमी पडू नये म्हणून वरून इजार नदी वळवली आणि तिचं पुढचं पात्र कित्येक वर्षं कोरडं पडलं. आता नदीसाठी थोडं पाणी सोडतात, आणि प्रकल्पाचा परवाना संपत आला म्हणून ‘यापुढे हे पाणी कोणाचं’ असा वाद इकडेही रंगला आहे.

साल पुन्हा वाचा. १९२४. बरोबर त्याच काळात सेनापती बापट मुळशीत विजेसाठीच्या धरणाविरुद्ध लढत होते. सत्याग्रह १९२१ चा. मुळा अडवली गेली, खोरं बुडालं, पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याला सोडून वीज केली. युक्ती तीच, अभियांत्रिकी तीच. पण आपली बहुतेक तळी ही तळी नाहीतच. मुळशी, पवना, पानशेत ही सगळी कोणाच्या तरी शेतावर साचलेलं पाणी आहे. काठावरच्या भांडणाचं मूळ तिथे आहे, आणि ग्रुपवरच्या दीडशे मेसेजांत त्याचा उल्लेख एकदाही नव्हता.

बव्हेरियाच्या १९४६ च्या राज्यघटनेत एक कलम आहे, १४१ वं. डोंगर, तळी, नद्या यांच्याकडे जायच्या वाटा सर्वांसाठी खुल्या ठेवणं हे सरकारचं आणि गावांचं कर्तव्य, आणि गरज पडली तर त्यासाठी मालकी हक्कावरही मर्यादा आणता येते. कागदावर हे फार देखणं आहे. प्रत्यक्षात श्टार्नबर्गच्या तळ्याकाठी बंगल्यांची कुंपणं पाण्यापर्यंत भिडलेली मी पाहिली आहेत. तरीही हे कलम असल्यामुळे गाव भांडू शकतं, आणि त्याच तळ्यावर सार्वजनिक काठही आहेत, जिथे टॉवेल टाकायला कोणाला विचारावं लागत नाही. आपल्याकडे मुळशी-पवनेच्या काठी रिसॉर्टच्या भिंती उठल्या, तेव्हा आपण त्याला विकास म्हटलं. टपरीवाला आणि तंबूवाला मात्र अतिक्रमण.

हे सगळं मी रविवारी संध्याकाळी ग्रुपवर न लिहिता एकालाच लिहिलं. तो पवनेकाठी शनिवार-रविवारी तंबू लावून देतो. त्याच्या आजोबांची जमीन धरणात गेली. आम्ही तेव्हा सिल्व्हेनश्टाइनच्या धरणावर थांबलो होतो. म्युनिकला पुरापासून वाचवायला १९५० च्या दशकात बांधलेलं हे धरण. त्यात फाल नावाचं छोटं गाव बुडालं आणि जवळच, पाण्याच्या वर, त्याच नावाने पुन्हा वसवलं. त्या घरांचा फोटो मी त्याला पाठवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. ‘गाव काठावरच दिलं त्यांना?’

‘हो.’

‘आम्हाला काठावर चार तंबू लावले तर नोटीस येते, बाबा.’ आणि मग लगेच दुसरा मेसेज: ‘ते सोड. पुढच्या शनिवारी बंदी उठेल का, काही कळलं का तुमच्या ग्रुपवर?’